देव्हाऱ्याशेजारचं उणे एक

आता तुम्ही चहा घेताय म्हणून आठवलं. या चहानंच गेल्या वर्षी मला रडकुंडीला आणलं होतं. मी नवस बोलले होते ना. वज्रेश्वरीच्या देवीला म्हटलं, "आई, सायलीच्या अभ्यासातलं विघ्न काय असेल ते दूर ठेव. माझी लेक अकरावी पास होईपर्यंत मी चहाला शिवणार नाही."

बोलताना किती सोपं वाटतं. पण सकाळी डब्याच्या वेळी डोकं असं दुखायचं, की भाजीत मीठ दोनदा पडायचं. ह्यांची कापडाच्या पॉवरलूमवर ड्युटी. शिफ्ट संपवून घरी आले की रिकामा डबा ठेवत म्हणायचे, "नवस चहाचा बोललीस, का आमच्या जेवणाचा?"

सायली सहामाहीत गणितात उडाली होती. वार्षिकलाही उडाली तर वर्ष गेलं. पोरगी मान मोडून अभ्यास करायची, पण एका जागी हमखास अडायची. दोन रेषा एकमेकींना लंब आहेत का, हे आकृती न काढता, नुसत्या समीकरणांवरून ओळखायचं.

"दोन्ही रेषांचा चढ काढायचा, आई. चढांचा गुणाकार उणे एक आला, की काटकोन. पण मला ऐन वेळी आठवतच नाही, अधिक एक की उणे एक."

म्हणून तिनं कागदावर ठळक लिहिलं, चढ × चढ = −1. आणि चिकटवलं कुठे? देव्हाऱ्याशेजारी. रोज नमस्कार करताना नजर पडेल म्हणून.

पेपर नेमका शुक्रवारी, देवीच्या वारी. पूजा करता करता माझं त्या कागदाकडे लक्ष गेलं. आता तुम्हीच सांगा, आपण आहेराच्या पाकिटात एक्कावन्न घालतो, एकशे एक घालतो. वरचा एक शुभ म्हणून. आणि माझ्या देवासमोर, लेक पेपरला निघताना, उणे एक? बोट कुंकवात बुडवलं आणि त्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ ओढली. झालं अधिक. किती शोभून दिसलं म्हणून सांगू!

सायली घाईघाईनं आली, नमस्कार केला, कागदाकडे बघून जराशी थबकली आणि गेली. मी मनात म्हटलं, देवीनं धीर दिला पोरीला.

निकाल लागला. गणित गेलं, तेही अगदी काठावर. रेषांचा अख्खा प्रश्न चुकला होता.

"3x + 2y = 5 आणि 2x − 3y = 7," सायली सांगत होती. "पहिलीचा चढ उणे तीन छेद दोन, दुसरीचा दोन छेद तीन. गुणाकार चोख उणे एक आला. आणि मी लिहून आले, लंब नाहीत."

"अगं, पण का?"

"मला उणेच वाटत होतं. पण निघताना कागदावर अधिक दिसलं, लाल रंगात. वाटलं, मीच कधीतरी लाल पेनानं सुधारलं असेल. देवाजवळचं खोटं कशाला असेल?"

ह्यांनी जाऊन कागदावरून बोट फिरवलं, मग बोटाकडे पाहिलं. "हे काय पेन न्हाय," म्हणाले. मग बापलेक दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी आपली समईची वात सारखी करत बसले.

सायलीच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी हसू फुटलं. "आई, सगळ्या परीक्षेत बरोब्बर काटकोनात अशी एकच रेघ पडली बघ. तुझी."

फेरपरीक्षा आली. चहा अजून बंदच. मी दमून गेले होते, तरी हळूच विचारलं, "पुस्तकावर थोडं तीर्थ शिंपडू का?"

पोरीनं हातच जोडले. "आई, तू उद्याच्या एसटीनं वज्रेश्वरीला जा. दर्शन घे. आणि पेपर होईपर्यंत दिघाशीला मामाकडेच राहा."

गेले. देवीपुढे उभी राहून जरा रागानंच म्हटलं, "विघ्न दूर ठेव म्हटलं होतं ना मी? मग का नाही ठेवलंस?" आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं. विघ्न आजच सकाळच्या एसटीनं घरापासून दूर आलं होतं, आणि ओटी घेऊन तिच्याच पुढ्यात उभं होतं.

सायली पास झाली. त्यानंतर घेतलेला पहिला घोट मला अजून आठवतो.

तुमच्या धाकट्याचीही परीक्षा आलीय ना? मग माझं ऐका. तुम्हीही नवस बोला, आणि पेपरच्या आदल्या दिवशी पिशवी भरून देवीला निघा. एसटीत माझ्या शेजारची जागा धरून ठेवते. सायलीचा बारावीचा पेपर त्याच आठवड्यात आहे.