रद्दीवाल्याचा काटा

आमच्या बिल्डिंगखाली बेळगावचे एक अण्णा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांची व्हीलचेअर कुणी न विचारता ढकलली, की ते दोन्ही चाकं घट्ट धरतात. "स्वल्प थांबा. मी काय सामान आहे?"

सगळा जन्म बसून काम. शेवटी शुगर निघालीच. एकदा मी सोबत दवाखान्यात गेलो. तिथला वजनकाटा फक्त उभं राहणाऱ्यांसाठी. नर्सनं त्यांना सोडून मलाच विचारलं, "वजन अंदाजे लिहू?"

अण्णा शांतपणे आपल्या कानडी हेलात तिला म्हणाले, "अक्का, औषधही अंदाजेच देणार काय?"

तेव्हापासून ते दर महिन्याला कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे जातात. त्याच्या लोखंडी काट्यावर आधी खुर्चीसकट चढतात. मग शेजारच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर सरकून बसतात आणि रिकामी खुर्ची तोलायला लावतात. वजाबाकी स्वतःच करतात. माझ्यावर त्यांचा भरवसा नाही.

काल वजन जरा उतरलेलं निघालं. रद्दीवाल्यानं हसत विचारलं, "भाव सांगू का, अण्णा?"

अण्णांनी गठ्ठ्यावरूनच खुर्ची जवळ ओढली. "नको रे. आम्ही दोघंबी अजून वापरात आहोत."