अक्कांच्या मांड्यांचा फोटो

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या घरमालकीण अक्का भीती वाटली की मोठ्याने सांगत. पाल दिसली, आभाळ गडगडलं, डॉक्टरने सुई काढली, की चार घरांना ऐकू जाईल असं म्हणत, “माले भेव वाटस!” आणि मग हातातलं काम पुढे चालू. मी नवी भाडेकरू, शाळेत शिकवणारी. पहिल्यांदा मला हसू आलं. त्या म्हणाल्या, “हासू नको पोरी. भेव पोटमा ठेवं की वाढस.”

माहेर धुळ्याकडचं, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. साठीतही नशिराबादच्या मळ्यातून आलेला केळीचा घड खांद्यावर घेऊन माझ्या खोलीचा जिना चढत. “मास्तरीनबाई, खाय. नुसता खडू खाईसन जगशी का?”

एका उन्हाळ्यात त्या गप्प झाल्या. आधी वेणी घालायला हात पोचेना. मग ओट्यावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रोवावे लागले. लोक म्हणाले, वय झालं. एकदा माझ्यासमोर पाणी पिताना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. मी पाठ चोळत होते आणि त्या भिंतीकडे बघत होत्या. भीती वाटते असं त्या म्हणाल्याच नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले.

जळगावच्या डॉक्टरांना स्नायूंच्या दाहाचा संशय होता. पण तपासायला मांडीच्या स्नायूतून घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडलं नव्हतं. ते म्हणाले, “दाह सगळीकडे सारखा नसतो. एमआरआयमध्ये सुजलेली जागा दिसेल, तिथूनच पुन्हा तुकडा घेऊ. उशीर नको, गिळणं बिघडतंय.”

यंत्रात डोकं आत गेलं आणि दोन मिनिटांत अक्कांनी त्रास झाला तर दाबायला दिलेला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते. “घर चाल. नकोच ते.”

मी त्यांना रिक्षात बसवलं नाही. बाकड्यावर बसवलं आणि म्हटलं, “अक्का, मला भीती वाटतेय. तुम्हाला पुन्हा असा ठसका लागला आणि मी शाळेत असले, तर?”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “माले बी. पह्यल्या दिवसपासून. तुले सांगं असतं, ते तू रातभर जागी ऱ्हाती.”

त्या पुन्हा आत जायला उठल्या. माझ्या अंगावरचं घड्याळ, पिना, बांगड्या सगळं काढून घेऊन तंत्रज्ञाने मला आत बसू दिलं. अक्कांचे दोन्ही घोटे मी धरले. यंत्र पत्र्यावर हातोडे पडावेत तसं वाजत होतं. पाऊण तास त्यांच्या घोट्यांतली नाडी माझ्या तळहातांना लागत होती. मधेच ती लागेनाशी झाली की मी घोटे आणखी घट्ट धरत असे.

डॉक्टरांनी पडद्यावर मांड्या दाखवल्या. करड्या मांसात पांढरे ढग पसरले होते. “हीच सूज. पहिला तुकडा या शेजारच्या भागातून घेतला गेला, म्हणून सापडलं नाही.” त्या सुजलेल्या जागेतून पुन्हा तुकडा घेतला आणि या वेळी आजार सापडला. औषधं सुरू झाली. त्या औषधांनी चेहरा सुजला, साखर वाढली, झोप उडाली. काही महिन्यांनी घास नीट उतरू लागला.

वर्षाने पुन्हा फोटो काढला. ढग बरेच विरले होते. पण काही स्नायूंच्या जागी चरबी भरली होती. ते बळ परत येणार नव्हतं. डॉक्टर हे सांगताना चाचरत होते. अक्कांनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “उरनं तेवढं मनं शे.” उरलं तेवढं त्यांचंच होतं.

मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. जळगाव स्टेशनवर डब्याची पायरी त्यांच्यासाठी फारच उंच होती. मुलगा मागून आधार द्यायला सरसावला. “हात लावू नको. पडसू ते पडसू.” दोनदा पाय वर गेला आणि खाली आला. गाडीने शिट्टी दिली. मी मुलाचा दंड घट्ट धरून ठेवला होता, त्याला अडवायला की स्वतःला सावरायला, कळत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी दांडी धरली, अंग पुढे झोकलं आणि त्या वर गेल्या. मुलगा मागोमाग चढला. दारात त्या धापा टाकत उभ्या होत्या. गाडी हलली, तरी त्यांना आत जाऊन बसायला न सांगता मी डब्याबरोबर चालत राहिले.