अर्ध्या मिशीचे धुळामामा

धुळामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत नकलांवर शिक्के मारत बसले होते. पानशेतच्या वरच्या अंगाला धनगरवस्तीवर त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. लग्न लागलं, जेवणं झाली, मामांनी दोन वेळा बुंदी मागून घेतली, मांडवातच खांबाला टेकले आणि तसेच गेले. "काय बी तरास न्हाई झाला, वैनी," फोनवर त्यांचा पुतण्या सांगत होता, "आमाला वाटलं, डोळा लागलाय..." रडू यायच्या आधी एकच विचार आला. हे जाईला कोण सांगणार?

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, संतोषचे, सख्खे मामा. सगळं आयुष्य मेंढरांमागे चाललेले. मामींना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गुडघ्यांनी नकार दिल्यावर त्यांनी कळप विकला आणि चार वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले, एक काठी, एक घोंगडी आणि भरघोस पांढरी मिशी घेऊन. तेव्हा आमची मुलगी जाई तीन वर्षांची होती आणि घरात रोज लढाई चालू असायची. फ्रॉकची शिवण अंगाला लागली की ती चटका बसल्यासारखी किंचाळायची. मी मिक्सर लावला की कान दाबून कॉटखाली जायची. ताटात ओला भात नुसता दिसला तरी तिला उमासे यायचे. कोरडी चपाती, चुरमुरे आणि बिस्किटं, एवढ्यावरच ती जगत होती, आणि वजन काही केल्या वाढत नव्हतं. उलट, पडून गुडघा फुटला तर तिला पत्ताही नसायचा. दिवसभर गिरक्या घ्यायची, भिंतीवर जाऊन आदळायची. कुणी म्हणालं, लाडावलीय. कुणी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हिचे कान चांगले आहेत, कातडी चांगली आहे. पण तिथून निघालेले निरोप मेंदूत पोचताना काही फार मोठे होतात आणि काही अगदी बारीक. यावर ऑक्युपेशनल थेरपी आहे, खेळांतून आणि व्यायामांतून द्यायचे उपचार, आणि ती मुख्यतः घरीच करायची आहे.

त्यासाठी भोरहून एक थेरपीवाल्या मॅडम पंधरवड्यातून एकदा एसटीने यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "तिला हळूच कुरवाळू नका. हलका हात तिला सुया टोचल्यासारखा लागतो. आधी सांगा, मग पूर्ण तळव्याने, दाबून हात लावा." मामा उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते. ते तिथूनच म्हणाले, "मग ह्ये आदी सांगायचं की! बुजऱ्या मेंढराला कुनी बोटानं शिवतं व्हय? त्ये लाथच झाडनार. पोटाशी गच्च धरायचं, मंग बगा कसं गार पडतंय." मला जमीन दुभंगावी असं झालं... परक्या बाईसमोर माझ्या लेकीला मेंढरू म्हटलं! पण मॅडमनी वहीतून मान वर केली आणि विचारलं, "मामा, तुम्ही रोज वीस मिनिटं द्याल का?"

"ईस मिन्टं काय," मामा म्हणाले, "माज्याकडं आख्खा दिवस हाय."

मोठ्या हौसेनं त्यांनी पहिलाच घोटाळा केला. मॅडम म्हणाल्या होत्या, पांघरुणात घट्ट गुंडाळलं की तिला बरं वाटेल. मामांनी आपली घोंगडी काढली, उन्हात घातली, झटकली आणि तिच्यात जाईला गुंडाळलं. ती खरखरीत लोकर अंगाला लागताच पोरीनं असा टाहो फोडला की शेजारची माणसं धावत आली, आणि मामांच्या मनगटाला ती कडकडून चावली. मामा खूप वेळ घोंगडीची घडी घालत बसले होते. चावल्याचं त्यांना काही नव्हतं. "लई इमानी वस्तू हाय ही," एवढंच म्हणाले, "पर तिला न्हाई मानवली, तर न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडी मागून घेतली.

मग आमच्या घराचा नुसता आखाडा झाला. तुळईला जुन्या नऊवारीचा झोका टांगला गेला. अंगणात थोडी ज्वारी भरलेलं पोतं आलं. ते जाईनं ढकलत तुळशीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. दोघं हातापायांवर चालत कॉटखालून पलीकडे जायची, मामा गुडघ्यांच्या नावानं ओरडत आणि जाई खिदळत. मॅडमच्या कागदावर प्रत्येक व्यायामाला इंग्रजी नाव होतं. मामांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मेंढरांमागच्या दिवसांतली आपली नावं ठेवली: खिंड, वाडगं, गाडी, पानी पाजनं. काही दिवसांनी मॅडमही तीच नावं वहीत लिहायला लागल्या. पहिले तीन महिने मला काहीच फरक दिसत नव्हता. मी चिडायची, एकदा तर कागद फाडून टाकला. मामांनी तुकडे गोळा केले आणि भाताच्या शितांनी चिकटवून पुन्हा भिंतीला लावले.

केसांची गोष्ट सांगायलाच हवी. जाईच्या केसांना दोन वर्षं कात्री लागली नव्हती. कात्रीचा आवाज कानाशी आला की ती उन्मळून पडायची. केसांच्या जटा झाल्या होत्या. मामांनी आयुष्यात हजारो मेंढ्या कातरलेल्या; त्यांना हे अपमानास्पद वाटत असावं. एक दिवस त्यांनी कात्री तिच्याच हातात दिली आणि समोर मांडी घालून बसले. "आदी तू माजी मिशी काप," म्हणाले. जाईनं अविश्वासानं माझ्याकडे पाहिलं. मग एक कच... आणि पांढऱ्या मिशीचा झुपका मांडीवर पडला. ती थांबली, परत एकदा कच, आणि मग हसत सुटली. डावी बाजू साफ झाली. मामा म्हणाले, "आता माजी पाळी. डोकं दाबून धरतो. धा म्हनूस्तवर कापीन, मंग थांबीन." दहापर्यंत मोजून ते खरंच थांबले. पुन्हा दहा, पुन्हा थांबले. सगळे केस व्हायला तीन दिवस लागले, आणि उरलेली मिशी जाईनं केसांची शेवटची बट संपल्यावरच कापायची असं ठरलेलं. त्यामुळे मधल्या आठवडी बाजाराला मामा अर्धी मिशी घेऊन गेले. लोक विचारायचे, "धुळाबा, ह्ये काय?" मामा ताठ मानेनं सांगायचे, "काम चालू हाय."

शाळेचं इतकं सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी घंटा झाली तशी जाई वर्गातून सुसाट निघाली ती थेट रस्त्यावर, आणि एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. मी त्या संध्याकाळी ठरवूनच टाकलं. शाळा नको, मी नोकरी सोडते. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "भ्याली तू, आन् कोंडतीस तिला?" मी रडायला लागले तसे खाली बसून म्हणाले, "मला म्हयनाभर दे, सूनबाई. न्हाई जमलं तर तुजं खरं."

पहिले काही दिवस दोघं शाळेपासून लांब, पिंपळाखाली बसून घंटा ऐकायची. मग फाटकाशी. मग पायरीवर. बाईंना मामांनी काय सांगितलं माहीत नाही, पण महिना संपायच्या आत एके सकाळी जाईच्याच हातात घंटेचा हातोडा दिला गेला. आवाज कधी येणार हे आता तिला ठाऊक होतं, कारण तो तीच करणार होती. तिनं इतकी घंटा बडवली की शेवटी हातोडा काढून घ्यावा लागला. आज ती पहिलीत आहे. गणवेश उलटा घालते, शिवण बाहेर ठेवून. बाईंची हरकत नाही.

जाईला मीच सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मग काळीला कोण बघणार?" कळप विकताना मामांनी एक काळी मेंढी मागे ठेवली होती, आमच्या परसात. ती गाभण होती. तिचं काय करायचं हे मला आणि संतोषला सुचत नव्हतं.

परवा, रविवारी सकाळी, काळी व्याली. संतोष टेम्पो घेऊन दूध घालायला गेला होता. मी धावत गेले तर जाई आधीच तिथे होती. कोकरू चिकट पाण्यानं लडबडलेलं, बुळबुळीत, वाफाळत होतं. ज्या मुलीला ओला भात बघवत नाही, तिनं क्षणभर डोळे गच्च मिटले, ओठ दाबले आणि ते कोकरू दोन्ही हातांनी उचलून काळीच्या तोंडापुढे ठेवलं. मग किंचाळत नळाकडे पळाली. साबण लावून हात धुतले, परत धुतले... मी मोजले, सात वेळा. आणि ओल्या हातांनीच परत आली, कोकरू उभं राहिलं का ते बघायला.