पाझराच्या बाटल्या

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. त्यातलं निम्मं विसरलो. बायको म्हणते, तुम्हाला काल काय जेवलो तेही आठवत नाही. खरं आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याचं ते मातीचं लहानसं धरण आणि त्यावरचा म्हातारा चौकीदार आठवला, की जीव तिकडं ओढ घेतो. नावं कोणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा शहाद्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो, सहायक पोलीस निरीक्षक. हद्द अर्धी सपाटीची, अर्धी डोंगराची. खाली केळी, ऊस आणि कापूस करणारी मोठी गावं, वर पाडे. मध्ये एक नाला. पावसाळ्यात तो सरळ गावात घुसायचा, म्हणून फार वर्षांपूर्वी त्यावर पूर अडवायला मातीचा बांध घातलेला. त्याच्या एका टोकाला जादा पाणी वाहून जायला सांडवा, आणि देखरेखीला रोजंदारीवरचा एक चौकीदार. पाड्यावरचा, सत्तरीचा, अंगठाबहाद्दर.

नवरात्राच्या आधी खालच्या गावातले एक बागायतदार ठाण्यात आले. वजनदार माणूस, पण त्या दिवशी आवाज कापत होता. गावकऱ्यांनी सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचल्या होत्या, म्हणजे धरणात हात-दीड हात पाणी जास्त राहील आणि उन्हाळ्यात विहिरींना उतरेल. त्या गोण्या कोणीतरी दोनदा काढून फेकल्या होत्या.

"साहेब, त्या म्हातारानंच काम शे ते," ते म्हणाले. "मन्ही केळी सुकी जाई. आनि तो तठे झोपडीमा दारू बी गाळस."

दारूचं नाव निघालं की पोलिसाचे कान टवकारतात. माझेही टवकारले. दोन पंच, माझा हवालदार आणि मी, जीप घेऊन निघालो. म्हातारा पाळीवर, म्हणजे बांधाच्या माथ्यावर बसलेला होता. पळाला नाही, उठलाही नाही. झोपडीत शिरलो तर कुडाला लागून दारूच्या लहान बाटल्यांची ओळ. चौदा बाटल्या, सगळ्या भरलेल्या, प्रत्येकीच्या गळ्याला दोरा. हवालदारानं एक उचलून हलवली, बूच काढून हुंगली आणि माझ्यापुढं धरली. वास येत होता. आत मातकट पाणी. मोहाचं रसायन, दारू गाळण्याआधीचं, असंच आम्ही दोघं समजलो. पंचनाम्यात लिहिलं, 'मोहाच्या रसायनासारखा गढूळ द्रव.' बाटल्या पोत्यात घातल्या, सील केल्या, जीपमध्ये टाकल्या. दारूच्या बाटलीला दारूचा वास येणारच, मग आत काहीही असो, एवढी साधी अक्कल त्या दिवशी मला सुचली नाही.

चौकशीला मी स्वतः बसलो. माझा तेव्हा नावलौकिक होता, की साहेबांसमोर दगडही बोलतो. लौकिक कसला, नुसता आवाज मोठा होता. विचारलं, दारू कोणाला विकतोस? म्हणाला, कोणाला नाही. गोण्या कोणी फेकल्या? म्हणाला, मी. मला वाटलं, झालं, कबुली मिळाली. कोणाच्या सांगण्यावरून? म्हणाला, "इंजिनेर साहेबानं सांगितला."

मी त्याच्यासमोरच पाटबंधारे खात्याच्या उपअभियंत्यांना फोन लावला. ते नुकतेच बदलून आले होते. म्हणाले, असलं काही मी सांगितलेलं नाही, मी तर त्या चौकीदाराला ओळखतही नाही. झालं, माझं डोकं फिरलं. म्हातारा धडधडीत खोटं बोलतोय, असं मी ठरवून टाकलं. पाणी अडवण्याच्या कामाचं नुकसान केल्याचा गुन्हा लावला, कोर्टातून दोन दिवसांची पोलीस कोठडी घेतली. कोठडीत तो जेवायचा, भिंतीला टेकून बसायचा. एकच गोष्ट दोन-तीनदा म्हणाला, की मंगळवारी मला धरणावर सोड, मग परत आण. मंगळवार म्हणजे तिथला बाजाराचा दिवस. मी हवालदाराला म्हटलं, बघा, गिऱ्हाईक बाजारच्या दिवशी येत असणार.

त्याचा तो 'तू' मला टोचायचा नाही. डोंगरातली माणसं कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात. त्यात उद्धटपणा नसतो. साहेबी भाषा त्यांच्या घरात कधी शिरलेलीच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या तपासणीला पाठवायच्या होत्या. मुद्देमाल कारकुनानं त्या पोत्यातून काढून आदल्या संध्याकाळीच फळीवर मांडून ठेवल्या होत्या. मी यादीशी पडताळायला गेलो आणि दारातच थांबलो. रात्रभर हलल्या नव्हत्या, त्यामुळे आतला गाळ खाली बसला होता. वर स्वच्छ पाणी. काही बाटल्यांत तळाशी गाळाची नुसती रेघ होती, काहींत दोन बोटं गाळ. रसायनाचा चोथा असा दिसत नाही. ही माती होती. मग गळ्याचे दोरे पाहिले. एका दोऱ्याला एक गाठ, एकाला दोन, असं करत चौदापर्यंत. मी गाठींप्रमाणे बाटल्या लावल्या. गाठी वाढत गेल्या तसा गाळ वाढत गेला होता. शेवटच्या तीन बाटल्यांत तर तो चढत्या पायऱ्यांसारखा दिसत होता.

म्हाताऱ्याला बाहेर काढलं, समोर बसवलं, चहा दिला. म्हटलं, बाबा, हे काय आहे? तेव्हा तो पहिल्यांदा सलग बोलला. बांध घातला तेव्हाच्या जुन्या इंजिनिअरनं त्याला शिकवलं होतं, की मातीचं धरण थोडं पाझरतंच. पायथ्याला येणारं पाणी निवळ असेल तर निवांत झोप. गढूळ यायला लागलं, की समज धरण पोटातून झिजतंय. मग आधी पाणी कमी कर आणि मला गाठ. लिहिता येत नाही म्हणून तो दर बाजाराला पाझराची एक बाटली भरून ठेवायचा. वर्षानुवर्षं निवळच पाणी. निवळ निघालं की बाटली रिकामी. या पावसाळ्यात पहिल्यांदा तळाला रेघ दिसली, तेव्हापासूनच्या या चौदा. तो जुना इंजिनिअर कधीच निवृत्त झालेला. नवीन कचेरीत म्हातारा दोनदा जाऊन आला होता, दोन्ही वेळा शिपायानंच परत पाठवलं होतं.

मी चिडलो. म्हटलं, हे मला काल का नाही सांगितलंस?

"तू विचारला, दारू कोणाला देतो. तू विचारला, गोणी कोणी फेकली," तो शांतपणे म्हणाला. "कशाला फेकली, ते तू कवा विचारला?"

एवढ्या वर्षांत मला असं कोणी झापलं नव्हतं. आणि त्याच्या मनात झापायचं नव्हतंच.

एवढ्यात हवालदार म्हणाला, साहेब, म्हाताऱ्याला आत घेतल्याबरोबर गावानं गोण्या परत रचल्यात. आणि वर डोंगरात पहाटेपासून पाऊस लागून राहिलाय. बांधाखाली एक पाडा आणि त्याखाली गावाची खालची आळी. म्हाताऱ्याची लेक त्याच पाड्यावर दिलेली. स्टेशन डायरीत नोंद टाकली, उपअभियंत्यांना धरणावर यायला सांगितलं आणि म्हाताऱ्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून निघालो.

बांधाच्या पायथ्याला त्यानं खुणेला बांबू रोवलेला होता. तिथून मनगटाएवढी धार येत होती, चहासारखी. उपअभियंत्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी उतरवायला सांगितलं. हवालदारानं पाडा आणि आळी रिकामी केली, माणसं शाळेत हलवली. मी बागायतदारांना फोन करून म्हटलं, तुमच्या गोण्या काढायला या. मला वाटलं भांडतील. ते आले, धार पाहिली. धोतर खोचून स्वतः सांडव्यावर उतरले आणि पहिली गोणी त्यांनीच ओढली. मग गावातून ट्रॅक्टर आले, वाळू, खडी, दगड आणले. धारेवर आधी वाळू, मग खडी, मग दगड, असा थर उपअभियंत्यांनी टाकून घेतला. पाणी झिरपू द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही. संध्याकाळपर्यंत सांडवा मोकळा वाहत होता आणि थरातून येणारं पाणी निवळ झालं होतं. म्हाताऱ्यानं ते ओंजळीत धरून बघितलं, मग लेकीकडं शाळेत गेला.

गुन्हा घडलाच नाही म्हणून त्याला सोडण्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. माझ्या नोकरीतला हा एकच अहवाल असेल, जो लिहिताना मला बरं वाटलं. ठाण्यात नव्या पोरांना मी नंतर बजावत राहिलो, की माणूस खोटं बोलतोय असं ठरवण्याआधी आपण विचारलंय काय ते तपासा. कोण, कुठं, किती, हे आपण दरडावून विचारतो. कशासाठी, हे विचारायला खाली बसावं लागतं.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंतचे सात-आठ महिने, हे माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस. मंगळवारी बाजाराचा बंदोबस्त आटोपला की मी धरणावर जायचो. तो बाटली भरायचा, उन्हाकडं धरायचा, माझ्या हातात द्यायचा. मी बघून मान हलवायचो. मग आम्ही पाळीवर बसायचो. फार बोलत नसू. त्याची बोली मला पुरती कळत नसे, माझी त्याला. पण मला वरिष्ठांसमोर, घरात, मित्रांत, कुठंच इतकं मोकळं वाटलं नाही. अजूनही दुपारी एकटा बसलो की ती पाळ हवीशी वाटते. नाशिकला बदलीचा हुकूम आला आणि दोन दिवसांत चार्ज सोडावा लागला. त्याला भेटायचं राहिलं. म्हटलं, येऊ की परत, नाशिक काय लांब आहे.

पुढं धरणाची रीतसर दुरुस्ती झाली आणि चौकीदाराची जागा बंद झाली. म्हातारा मुलाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायला लागला, एवढं कानावर आलं होतं. मी दर दिवाळीला म्हणायचो, यंदा जाऊन येतो.

गेल्या वर्षी हवालदाराचा फोन आला. तोही आता निवृत्त आहे. म्हणाला, साहेब, तो म्हातारा वारला, तिकडंच, उसाच्या फडावर. मग म्हणाला, होळीला गावी आला की दरवर्षी ठाण्यात यायचा. बाकावर बसायचा, चहा प्यायचा आणि एवढंच विचारायचा, "तो साहेब आला का?" हवालदार सांगायचा, नाही आले. म्हातारा म्हणायचा, "येईल."

सहा होळ्या तो येत राहिला. नाशिकहून सकाळी निघालो असतो तर दुपारच्या जेवणाला मी त्याच्या पाड्यावर असतो. मी एकदाही गेलो नाही.