वाऱ्याचा शब्द आणि सुपातली तूर

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळं चार ओळी लिहून लोकांसमोर ठेवताना हात कचरतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी नांदेडला बी.ए. करतो. गाव लोह्याकडं. यंदा लातूरच्या एका कॉलेजात एक स्पर्धा ठरली. इंग्रजीतला एक शब्द घ्यायचा आणि त्याची गोष्ट मराठीत सांगायची. आमच्या कॉलेजातून एकालाच पाठवणार होते. मला जायचं होतं. फार जायचं होतं. शाळेपासून मी कधी स्टेजवर चढलोच नव्हतो.

मी शब्द घेतला डब्ल्यू-आय-एन-डी. विंड म्हटलं की वारा. वाइंड म्हटलं की गुंडाळणं, वळणं, घड्याळाला चावी देणं. अक्षरं तीच! मला वाटलं, एकाच शब्दाचे दोन उच्चार झाले असतील. लायब्ररीतल्या जाड शब्दकोशात पाहिलं तर दोघांची कुळंच वेगळी. वाइंडचं नातं भटकण्याच्या 'वाँडर'शी. आणि विंड? तो आणि संस्कृतातला 'वात' एकाच जुन्या मुळाचे! विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. त्याच पानांत आणखी एक शब्द सापडला, विनो. तोही वाऱ्यावरूनच आलेला. अर्थ, धान्य उपणणं, वाऱ्यावर धरून भुस्कट उडवणं.

मी खुर्चीतून उठलोच.

"विंचू चावला का बे?" शेजारच्या पोरानं विचारलं.

त्या शनिवारी गावाकडं गेलो. माय तूर उपणत होती. वारा पडला होता म्हणून टेबलफॅन अंगणात आणून लावलेला.

"माय, तू जे करून राहिलीस ना, त्याला इंग्रजीत वाऱ्यावरनंच नाव हाय."

"मग तुझ्या इंग्रजीला म्हण, जरा सूप धर. माझे हात दुखून राहिलेत."

सूप मीच धरलं. निघताना ते सूप आणि थोडी तूर, भुस्कटासकट, मागून घेतली.

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये इंग्रजीच्या मॅडम आणि दोन सर पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवर उभा पंखा होता.

"लावू का, मॅडम?"

"लाव की."

विंड सांगितला, वात सांगितला आणि उपणण्याशी आलो तसं सूप वर उचललं. खळ्यावर माणूस आधी बघतो वारा कुणीकडं जातोय ते. मी बघितलंच नाही. दाणे माझ्या पायाशी पडले आणि सगळं भुस्कट पहिल्या रांगेवर गेलं. मॅडमच्या केसांत, सरांच्या चहात. पोरं बाकं बडवून हसली.

"अरे, लातूरला जाऊन माणसं मारतोस का?" एक सर शिंकत म्हणाले.

राहिलेलं मी कसंबसं बोललो. मॅडम साडी झटकत निघून गेल्या. संपलं, असं मी धरून चाललो. नोटीस बोर्डासमोरून जाताना मान खाली घालायचो, पण फोन वाजला की आधी नाव बघायचो.

काल मेसमध्ये पहिला घास घेतला आणि फोन वाजला. मॅडम होत्या.

"लातूरला तू जातोयस," त्या म्हणाल्या. "सूप आण, तूर आण. आणि परीक्षकांना पंख्याच्या मागं कसं बसवायचं, ते माझ्यावर सोड."