गोदामाच्या कोब्यावरचे काळे गोल

ती घटना आठवली की आधी तो सिमेंटचा कोबा डोळ्यांसमोर येतो, माणसं नंतर.

मी सांगलीकडचा. नववीत शाळा सुटली, पोलीस भरती निघाली म्हणून इकडे आलो आणि हवालदारही गोंदिया जिल्ह्यातच झालो. सुरुवातीला मला धड पंचनामाही लिहिता येत नव्हता. एका फौजदारसाहेबांनी समोर बसवून मला लिहायला शिकवलं. चुकलं की कागद फाडायचे, नवा कागदही तेच द्यायचे. या घटनेच्या वेळी ते आमचे ठाणेदार होते.

कामठ्याच्या बाजूला धानाचं गोदाम बांधलं जात होतं. आत खांब जवळजवळ, मोठं मशीन शिरत नव्हतं. म्हणून ठेकेदाराने छोटा लोडर आणलेला. एका माणसापुरती केबिन, पुढे बादली. बादली काढून काट्यासारखे लोखंडी फाटे लावले की विटांची थप्पी उचलतो, ड्रिल लावलं की खड्डे पाडतो. त्याला स्टेअरिंग नसतं, दोन दांडे असतात. एका बाजूची चाकं थांबवली की जागच्या जागी गरकन फिरतो.

एका दुपारी त्या लोडरची बादली आतल्या नव्या, खांद्याइतक्या आडभिंतीवर आदळली. पलीकडे एक मजूर बाई भिंतीला पाणी मारत होती. भिंत तिच्या पायावर पडली. आम्ही पोचलो तेव्हा ऑपरेटर स्वतःच पुढे आला. "माझ्या हातून झालं, साहेब." केशोरीकडचा, तिशीतला, दोन मुलींचा बाप. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, गुन्हा नोंद, तपास माझ्याकडे. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे ठाऊक असूनही मला बरंच वाटलं. निवडणुकीच्या बंदोबस्ताने जीव नुसता थकला होता.

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या चहावालीने कप ठेवता ठेवता विचारलं, "त्यालेच धरलं का तुमी? तो तं माह्यासमोर डबा खाऊन राहिला होता."

"मग जबाब दे ना, बाई."

"कायले? तुमी जासान निंघून, ठेकेदार इथंच राहीन."

ठाण्यात ऑपरेटरला पुन्हा बसवलं. "डबा कुठे खाल्लास?"

"चूक माही हाय साहेब. लिहा ना."

"भिंतीला कसं लागलं?"

"लागलं."

आरोपी नाही नाही म्हणतात. हा लिहून घ्या म्हणून विनवत होता. मला ते खटकलं.

दोन पंच घेऊन त्याला गोदामात नेलं. म्हटलं, त्या दिवशी केलंस तसंच करून दाखव. त्याने बादली जमिनीपासून वीतभर उचलली आणि वळला. थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा थोडा मागे. कोब्यावर ओरखडा नाही. भिंतीजवळ मात्र टायरचे जाड काळे गोल उमटले होते, तव्याच्या बुडासारखे. भिंतीच्या उरलेल्या टोकाला बादलीचा घाव होता तो छातीइतक्या उंचीवर.

"हे गोल कुणाचे?"

"माहेच."

"मग तसाच फिरव."

पुन्हा तेच, थोडा मागे, थोडा पुढे. तिसऱ्यांदाही तेच. मी वैतागलो. "अरे, एका दमात फिरव ना."

त्याने मशीन बंद केलं. "होत नाई, साहेब. टायर खाते, कोबा खाते. हात वळतच नाई."

मग बादलीच्या काठावर बसून त्याने सांगितलं. तो जेवत होता, चावी मशीनलाच होती. ठेकेदाराचा पाहुणा आलेला पुतण्या गंमत म्हणून चढला आणि बादली वर ठेवून मशीन गरगर फिरवत भिंतीवर गेला. ठेकेदार याला म्हणाला, तू सांभाळून घे.

"आणि तू घेतलंस? मुलींचं काय?"

"मी इथं घमेले वाहात होतो, साहेब. ठेकेदारायनं सीटवर बसवलं. सातवीत शाळा सोडलेल्याले कोण मशीन देते?"

मी खाली बसून ते काळे गोल टेपने मोजले आणि पंचनाम्यात लिहिले.

संध्याकाळी ठेकेदार ठाण्यात हजर. "हवालदार साहब, उसने मान लिया ना? खुदाई का काम हमारा है, आप क्यों कर रहे हो?" ठाणेदारसाहेबही म्हणाले, "कबुली आहे. कशाला वाढवतोस?"

मी केस डायरी त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्हीच शिकवलंत साहेब, दिसलं ते लिही." त्यांनी सगळं वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली, सही केली. त्यानंतर मला समोर बस म्हणून कधी म्हणाले नाहीत.

दवाखान्यात त्या बाईचा जबाब घेतला. पुतण्या मशीनवर हसत होता, तिने पाहिलं होतं. तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मग चहावालीनेही जबाब दिला. पुतण्यावर दोषारोपपत्र गेलं. ऑपरेटरची नोकरी गेली. बाई आजही काठी घेऊन चालते.

खोटी कबुली मारूनच निघते असं लोकांना वाटतं. उपकारानेही निघते, आणि ती जास्त पक्की असते. अशा किती कबुल्या मी दमल्या हाताने लिहून घेतल्या असतील, ते आठवायला बसत नाही.

निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. मध्यंतरी गोंदियात नालीच्या कामावर छोटा लोडर दिसला. थोडा मागे, थोडा पुढे. मी थांबलो. तोच ऑपरेटर होता, त्यानेही मशीन थांबवलं. "जय भीम, साहेब," म्हणत बादलीवरून खाली उतरला, दोन पावलं आला आणि परत फिरला. केबिनमध्ये हात घालून चावी काढली, खिशात टाकली. मग माझ्याकडे आला.