ओबोननंतरचं पाणी

शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं, तेव्हा मला जपानीतलं 'आरिगातो'च्या पलीकडे काही येत नव्हतं. पण भांडण कळायला भाषा कशाला लागते? फुमिए-सान रडत रडत एकच शब्द ओरडत होत्या, "त्सुमेताई! त्सुमेताई!" आणि त्यांचे यजमान कुदो-सान खाली मान घालून बुटांची वाळू झटकत होते. मी म्हटलं, आता ही सुमेताई कोण? केस पिकले तरी पुरुषाचे धंदे सुटत नाहीत. तो सगळा उन्हाळा कुदो-सान मला वाकून नमस्कार करायचे आणि मी तोंड फिरवायचे.

पुढच्या वर्षी नातीला, अश्लेषाला, विचारलं, "त्या सुमेताईचं पुढे काय झालं गं?" कार्टी जमिनीवर लोळून हसली. "चिगाऊ, आजी! चूक! त्सुमेताई म्हणजे गार. पाणी गार, हात गार." मग उठून बसत म्हणाली, "माणूससुद्धा गार. ज्याला दुसऱ्याचं काही वाटत नाही ना, तो."

म्हणजे बाई नवऱ्यालाच तसं म्हणत होती. मी ओशाळले, आणि दुसऱ्या दिवशी कुदो-सानांपेक्षाही खाली वाकले. कंबर धरली ती आठवडाभर.

माझा मुलगा विनायक समुद्राच्या पाण्यावर संशोधन करतो. आधी तोक्योजवळ ग्योतोकुला होता, तिथे जिना उतरलं की मराठी कानावर पडायचं. मग उत्तरेला आओमोरीकडच्या या लहानशा गावात आला. मी दर उन्हाळ्यात येते, सप्टेंबरात परत जाते. उन्हाळा आपला म्हणायला. समुद्रावरून यामासे नावाचा वारा धुकं घेऊन आला की भर जुलैत मी स्वेटर घालून भेंडी चिरते.

गावाला पोहण्यापुरता एक किनारा आहे. तो जुलैत उघडतो आणि ऑगस्टात ओबोन झालं की बंद. ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच. पितर घरी येऊन जातात, आणि त्यानंतर कुणी पाण्यात उतरलं तर पाय धरून ओढून नेतात म्हणे. शिवाय जेलीफिश येतात, त्या चावऱ्या. माझं माहेर हर्णैचं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र उघडतो. इथे त्याच सुमाराला त्याला कुलूप लावतात.

या किनाऱ्याची राखण कुदो-सानांकडे होती. आधी ते माकुळं पकडणाऱ्या बोटीवर होते, म्हातारपणी गावाने हे काम दिलं. रोज सकाळी गुडघाभर पाण्यात जाऊन बादली बुडवायची, पाणी किती गार ते मोजून फळ्यावर लिहायचं आणि निशाण चढवायचं. निळं म्हणजे या, पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे घरी जा.

भांडणाची हकिगत फुमिए-सानांनीच मला सांगितली, अश्लेषाला मध्ये बसवून. त्यांची मुलगी मिहो पाच वर्षांच्या पोराला घेऊन तोक्योहून आली होती. पोराने वर्षभर समुद्राचा धोशा लावलेला, आणि नेमका यामासे सुटला. आजोबांनी पाणी मोजलं, लाल चढवलं. मिहो म्हणाली, "बाबा, एकच डुबकी. निशाण तुमच्याच हातात आहे ना!" ते म्हणाले, "सगळ्यांना लाल तर त्यालाही लाल." पोर वाळूत लोळून रडलं. दुसऱ्या दिवशी मिहो गेली ती पुन्हा उन्हाळ्यात फिरकली नाही. पुढे एका हिवाळ्यात फुमिए-सान वारल्या, तेव्हा आली आणि कार्य उरकून परत गेली.

मी एकदा न राहवून विचारलं, "एवढं काय अडलं होतं हो? एक डुबकी!"

"ओबाआसान," ते म्हणाले. माझ्याच वयाचा बाप्या, पण मला आजी म्हणायचा. "गार पाणी माणसाला ओरडू देत नाही. बोटीवरून आमचा एक जण पडला होता. आम्ही सगळे तिथेच होतो. कुणालाही आवाज आला नाही."

यंदा जुलैत ते काकड्या घेऊन दारात आले. हसत होते. मिहोचा फोन आला होता. पोरगा म्हणतोय, आजोबांच्या समुद्रात पोहायचं. पण शाळेच्या खेळांमुळे ऑगस्टअखेरच यायला जमेल. विनायक म्हणाला, "पाणी तेव्हाच चांगलं असतं, आई. समुद्र सावकाश तापतो नि सावकाश निवतो, तुझ्या चुलीवरच्या हंड्यासारखा."

कुदो-सान डोक्याला तेल लावून, टाय बांधून गावच्या कचेरीत गेले. किनारा आणखी एक आठवडा उघडा ठेवा, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा काही मागितलं असेल. कचेरीने नाही म्हटलं. जीवरक्षक पोरं कॉलेजला परत जातात, लक्ष कोण ठेवणार?

ते आमच्या पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, "तरी येऊ द्या की पोरीला! पाण्याचं काय घेऊन बसलात? आईस्क्रीम खाऊ घाला."

ते म्हणाले, "आला की तो पाण्याकडे धावणार. मला पुन्हा नाही म्हणावं लागणार. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही."

"मग हो म्हणा!"

"तेही होणार नाही."

"हट्टी म्हातारा," मी म्हटलं. अश्लेषाने तेवढं भाषांतर केलं नाही. त्यांना कळलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मिहोला फोन केला. किनारा बंद असेल, पुढच्या वर्षी जुलैत या. "मिहो काय म्हणाली?" मी विचारलं. "'हाई' म्हणाली." हाई म्हणजे हो. कुठल्या 'हो'मध्ये किती 'नाही' असतं, ते कळायला मला अश्लेषा लागली नाही.

ऑगस्टअखेर ऊन पडलं. समुद्र तळ्यासारखा निपचित, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. कुदो-सान पँट वर करून पाण्यात नुसते उभे होते. मीही पाय बुडवून पाहिले. बाळाला आंघोळ घालावी असं पाणी होतं.

सप्टेंबरात आपला पितृपक्ष लागला, आणि त्या आठवड्यात कुदो-सान रात्री झोपेतच गेले. त्याच्या आदल्या सकाळी जळणारा कचरा टाकायचा वार होता. नेहमीसारखी त्यांनी आमच्या दारातली पिशवीही उचलली. पिशव्या इथे आरपार दिसणाऱ्या. त्यांच्या पिशवीत पोहायच्या रबरी चाकाचे तुकडे होते, निळे, वर हसरे देवमासे. लहान मुलाचं असतं तसलं. नियमाप्रमाणे बारीक कापलेलं, पण एका तुकड्याला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. त्यांनी दोन्ही पिशव्या कोपऱ्यावर नीट टेकवून ठेवल्या, कावळ्यांनी उचकटू नयेत म्हणून वरून जाळी ओढली, जाळीच्या कडेवर दगड ठेवला, आणि मला वाकून नमस्कार करून घरात गेले.